चंद्रीचे सहा शब्द

आमच्या शाळेत दिवसातून शंभरदा म्हटलं जाणारं वाक्य कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी झोपेतसुद्धा सांगेन: ‘हात मागे!’ आणि ते मी ओरडून म्हणत असे. ज्यांना ढोल वाजला तरी ऐकू येत नव्हतं, त्या मुलांसमोर मी घसा फोडून ओरडत असे! नवरा म्हणायचा, ‘अगं, त्यांना नाही, पण शेजारच्या गिरणीवाल्याला ऐकू येतं. तो बिचारा हात मागे घेऊन उभा राहतो.’

पनवेलला त्या काळी अशी शाळा होती हे आज पनवेलकरांनाही सांगून पटत नाही. भाताच्या गिरणीमागे दोन खोल्या, एक विहीर, पुढे उंबराचं झाड आणि दारावर पाटी: ‘मुक्या-बहिऱ्यांची शाळा’. आता कर्णबधिर म्हणतात. शब्द चांगला आहे, पण तेव्हा तो आम्हाला कुणी दिला नव्हता. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झालेली, मी मुंबईहून ह्या शिक्षणाचा कोर्स करून आलेली, अंगात नुसती रग. पहिल्या वर्षी सात मुलं होती, पुढे एकवीस झाली. दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा’ असं सांगणं आलंय. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच मुलगी पुढे येऊन उभी राहते, त्याला मी काय करू?

आधी आमचा धंदा काय तो सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जन्मतः बहिरं मूल मुकं असतं ते जिभेत खोट असते म्हणून नव्हे. त्यानं बोलणं कधी ऐकलेलंच नसतं, मग ते बोलणार काय? आम्ही ते ऐकल्यावाचून शिकवायचो. आरशासमोर मूल बसवायचं, आपण शेजारी बसायचं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणायचा, कागद फडफडला की ‘प’ आला. ‘म’ म्हणताना त्याचा हात आपल्या नाकावर ठेवायचा, म्हणजे नाक घुमतं ते बोटाला कळतं. ‘क’ तर महाकठीण, तो घशाच्या तोंडाशी होतो. चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून दाबून एकेका ‘क’ला मला महिना-महिना लागलाय. दोन मुलांनी मला कडकडून चावलंय. एकाच्या दातांची खूण अंगठ्यावर अजून आहे.

आणि ह्या सगळ्यात खुणांना सक्त मनाई. आम्हाला शिकवलंच तसं होतं. मूल एकदा हातवारे करायला लागलं की त्याची जीभ आळशी होते आणि मग ते जन्मभर लोकांत वेगळं पडतं. म्हणून हात मागे. तरी हात पुढे आला तर माझ्याजवळ लाकडी पट्टी होती. मी मारकुटी नव्हते हो, पण बोटांवर टक्कन बसायची. माझा त्या शिक्षणावर देवासारखा विश्वास होता.

विश्वास बसावा असं घडतही होतं. तळोज्याहून एक बाई आपल्या युसुफला घेऊन यायच्या. आठ महिने मी त्या पोराच्या नाकाशी आणि घशाशी झुंजले. एका दुपारी त्या त्याला न्यायला आल्या तेव्हा तो वळून म्हणाला, ‘अम्मी.’ जाडसर, नाकातून, पण अम्मीच! बाई उंबराच्या मुळाशी मटकन खाली बसल्या. ‘बाई, फिर से बुलवाओ,’ म्हणाल्या, ‘मेहरबानी करके एक बार फिर से.’ त्यानं नऊ-दहा वेळा म्हटलं असेल. त्या रडत होत्या, मी रडत होते, आणि युसुफला कळेना की एवढा शहाण्यासारखा वागूनही सगळ्या बायका का रडतायत. त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की तुझ्या पद्धतीत काही चुकतंय, तर त्याच्याच बोटांवर मी पट्टी मारली असती.

चंद्री आली ती नऊ वर्षांची असताना. खाडीकाठच्या एका आगरी गावातली, बाप मिठागरात काम करताना सर्पदंशानं गेलेला, आई त्याच मिठागरात रोजावर. आईनं तिला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, ‘बाई, पोर हुशार हाय. तिला सगलं समजतं. फकस्त बोलत नाय.’

सगळ्याच आया असं म्हणतात. मी मान डोलावली आणि तिला आरशासमोर बसवलं.

पाच वर्षं बसवलं! तिच्या घशातून आवाज यायचा, नाही असं नाही, पण तो काही केल्या शब्दाच्या आकारात बसेना. कागद फडफडायचा नाही, नाक घुमायचं नाही. पाच वर्षांत सहा शब्द आले: आई, पाणी, भात, फूल, बाई, नमस्कार. तेही मलाच कळत.

आणि हीच चंद्री मधल्या सुट्टीत विहिरीमागे गेली की बाकीची वीसच्या वीस पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची. तिथे हात चालत. अहो, काय चालत! मिठागरात नवा वाफा करताना चिखल पायानं चोपून चोपून कठीण करतात. म्हणून मीठ म्हणजे टाच दोनदा आपटायची. टाच आपटून बोट जिभेला लावलं की खारट. प्रत्येक पोराला तिनं हातानं नाव दिलं होतं. गावात काय झालं, गिरणीवाला बायकोशी कसा भांडला, हे ती असं दाखवायची की पोरं पोट धरून लोळायची. हे मला कसं ठाऊक? मी खिडकीआडून बघत होते, पकडायला! चोर पकडायचा तर चोराच्या वाटा माहीत हव्यात. त्या पाच वर्षांत मला तिच्या दोनेकशे खुणा पाठ झाल्या, आणि त्यातली एकेक ओळखून मी बोटांवर पट्टी दिली. ह्याला शिकवणं म्हणतात, असं मला तेव्हा वाटायचं.

एकदा मुंबईहून एका वर्तमानपत्राचा माणूस फोटोग्राफर घेऊन आला. ‘मुकी मुलं बोलतात’ असं काहीतरी त्याला छापायचं होतं. मी युसुफला पुढे केलं, अजून दोघा-तिघांना पुढे केलं, आणि चंद्रीला पाठीमागच्या खोलीत तांदूळ निवडायला बसवलं. सहा शब्दांची मुलगी फोटोत कशाला? छापून आलं, त्यावर देणग्या आल्या, दोन नवे आरसे आले. त्या बातमीत आमची मुलं अशी दिसत होती, जणू त्यांना हातच नव्हते. मी ती चौकटीत लावली.

चौदाव्या वर्षी मी चंद्रीला शाळेतून कमी केलं. जागा कमी होती, नवी पोरं थांबली होती, हे खरं. दाखल्यावर शेरा लिहायचा असतो. मी लिहिला: ‘पाच वर्षांत सहा शब्द. समज कमी. पुढील शिक्षणास अपात्र.’ वळणदार अक्षरात, खाली सही. तिच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद कपाळाला लावला आणि घडी करून कमरेला खोचला.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी शाळेच्या मंडळावरचे एक वकील सकाळीच घरी आले. गावातलं मोठं नाव, आमच्या आरशांपैकी एक त्यांचाच. म्हणाले, ‘बाई, एका कामात तुमची साक्ष हवी. दोन मिनिटांचं काम आहे. तुमचाच शेरा, तुमचीच सही. फक्त हो म्हणायचं.’

काम चंद्रीचं होतं. तिचं लग्न झालं होतं, एक मुलगाही झाला होता, आणि मूल वर्षाचं व्हायच्या आत नवरा होडी उलटून खाडीत गेला. सासरच्यांनी मूल ठेवून घेतलं आणि तिला आईकडे पाठवून दिलं. माणसं वाईट नव्हती. सासू म्हणत होती, माझा पोरगा गेला, आता ह्याला ह्या बहिरीच्या हाती कसा देऊ? तो रडला तर तिला ऐकू येणार नाही, विहिरीत पडला तर हाक मारता येणार नाही. हे ऐकून कुणालाही पटेल. पण मग आईनं काय करायचं? चंद्रीच्या आईनं एक तरुण वकील गाठून कोर्टात अर्ज दिला होता, की मूल आईला मिळावं. मंडळावरचे वकील सासरच्या बाजूचे होते, आणि त्यांच्या हातात माझा दाखला होता.

मी हो म्हटलं. शेरा माझा होता, नाही कशी म्हणणार?

पनवेलच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी होती. मुकी बाई साक्ष देणार म्हणून बाजारातली रिकामी माणसंसुद्धा येऊन दाराशी उभी होती. मूल सासूच्या मांडीवर होतं, दीड वर्षाचं, गुबगुबीत. आधीच्या तारखांना जज्जसाहेबांनी एवढं केलं होतं की कोर्ट उठेपर्यंत मूल चंद्रीजवळ द्यायचं आणि संध्याकाळी सासूनं परत न्यायचं. तशा चार तारखा झाल्या होत्या.

आधी माझी साक्ष झाली. मंडळावरच्या वकिलांनी दाखला वाचला, मी सही ओळखली. ‘समज कमी’ हे दोन शब्द त्यांनी दोनदा वाचले. मी खाली बघत होते. मग चंद्रीची पाळी आली. तिची आई दुभाषी म्हणून पुढे झाली, तर वकील उठले: ‘साहेब, ही तर हिच्याच बाजूची. ही काय वाटेल ते सांगेल.’ साहेबांना ते पटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, पाच वर्षं तुम्ही हिला शिकवलंत. तुम्हीच विचारा. हिला काय सांगायचंय ते हिला येईल तसं सांगू दे.’ मला दुभाष्याची शपथ दिली.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. लग्न झालेली, विधवा झालेली, वीस वर्षांची बाई. तिनं मला पाहिलं मात्र, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले! पाय जुळवले, मान ताठ केली, आणि तोंड उघडलं.

‘आ-ई,’ ती म्हणाली. मग ‘पा-णी.’ मग ‘भात.’ एकेका शब्दाला मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. ‘फूल.’ ‘बा-ई.’ आणि शेवटी ‘नमस्कार’, पण त्यातला ‘स’ तिला कधी आलाच नव्हता. सहाच्या सहा शब्द तिनं कोर्टाला म्हणून दाखवले आणि माझ्याकडे बघत राहिली. बरोबर आले ना, बाई? एवढंच तिच्या तोंडावर होतं.

वकील स्वस्थपणे खाली बसले. त्यांचं काम झालं होतं.

कपाळ माझं! मुलाचा निकाल लागतोय, आणि ही पोर माझ्या धाकानं हात मागे धरून उभी आहे. तिची आई माझ्या पाठीशी उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘बाई, तुमी बगताय म्हनून ती काय सांगनार नाय.’

मी पदराखालून हात बाहेर काढले. उभ्या जन्मात चार माणसांत मी हातवारे केले नव्हते, माझ्या दृष्टीनं ते भर कोर्टात लुगडं सुटण्यासारखं होतं. डाव्या तळव्यावर उजवी बोटं टपटप वाजवली. विहिरीमागची खूण, ‘बोल’. तिनं माझ्या हातांकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली, चोरी पाहिल्यासारखी. मी पुन्हा केलं. मग माझे स्वतःचे दोन्ही कान पकडले. ही खूण काही तिची एकटीची नव्हे, सबंध पनवेलला कळली असती.

तिचे हात हळूहळू पुढे आले.

मी साहेबांना म्हटलं, ‘विचारा.’

वकीलच उठले. ‘मूल रात्री रडलं तर हिला कसं कळतं?’

मी मोडकंतोडकं विचारलं: बाळ, झोप, रडणं, तू? तिनं कानाची पाळी चिमटीत धरली. ही खूण मला माहीत नव्हती, मी तिच्या आईकडे बघितलं आणि लगेच साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, ‘तेवढं सांगू दे.’ आई म्हणाली, ‘त्ये पोराचं नाव हाय, साहेब. जलमला तवा हिनं आदी त्याच्या पाठी टाली वाजवली. त्यानं मान वलवली. मंग हिनं त्याचं नाव कान ठेवलं.’

दाराशी आता कुणी हसत नव्हतं.

पुढचं मला सगळं कळलं. तिनं हातांनीच दाखवलं: आपल्या मनगटाला दोरी, दुसरं टोक बाळाच्या पायाला. बाळ हललं की मनगट ओढलं जातं, आणि ती उठते. मग हात बाळाच्या छातीवर ठेवते. छाती धडधडली तर भूक, थरथरली तर थंडी, तापली तर वैद्य. दिवसा सुतळी लांब सोडते, विहिरीपर्यंत पोचणार नाही एवढीच. किती ते तिनं हातानं मोजून दाखवलं. मी एकेक सांगत गेले. ज्या बोटांवर मी टक्कन पट्टी मारली, ती बोटं इतकं नीट बोलत होती की दुभाष्याला फार काही करावंच लागलं नाही.

वकील म्हणाले, ‘साहेब, हे सगळं हिचं ही सांगते. दाखल्यावर स्वच्छ लिहिलंय, समज कमी.’

तेव्हा साहेबांनी मला विचारलं, ‘बाई, काय ते सांगा. शेरा खरा की खोटा?’

शाळेचं मंडळ, आरसे, चौकटीतली बातमी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खोटं म्हणावं तर शाळेच्या दाखल्यांची किंमत शून्य. मी म्हटलं, ‘खोटा, साहेब. हिच्या समजुतीची परीक्षा मी कधी घेतलीच नाही. मी जिभेची घेतली. नापास मुलगी नव्हती, मी होते.’ वकील माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांचा आरसा फोडला.

साहेब थोडा वेळ लिहीत होते. मग त्यांनी मान वर केली आणि एकदम सासूला विचारलं, ‘आजी, ती दोरी तुम्ही कधी पाहिली होती का?’

सासूनं नातवाला जवळ ओढलं. तिच्या दुसऱ्या मुलानं, चंद्रीच्या दिरानं, तिला कोपरानं डिवचलं. ती म्हणाली, ‘आमी सपथ घेतली हाय का?’

‘घेतली आहे असं समजा.’

‘मंग बगितली, साहेब,’ म्हातारी म्हणाली. ‘पोर रडायच्या आदी उटायची ती. मला आयकू येतं तरी मी उटत नव्हती.’ आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

निकाल साहेबांनी तिथेच सांगितला. मूल आईकडे. आजीला हवं तेव्हा भेटायची मुभा. कोर्टात गलका झाला, चंद्रीच्या आईनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला, तरुण वकील उगाचच सगळ्यांशी हात मिळवत सुटला. मंडळावरचे वकील कागद गोळा करत माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, ‘बाई, ह्यापुढे शेरे जरा जपून लिहा.’ पुढे त्यांनी मंडळ सोडलं नाही, हे मुद्दाम सांगते.

आणि ह्या सगळ्या गलक्यात जिचा निकाल लागला तिला तो कुणी सांगितलाच नव्हता. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी होती. कुणी रडतंय, कुणी हसतंय, ह्यातून काय समजायचं?

मी म्हातारीपुढे हात पसरले. तिनं मुलाची पापी घेतली आणि त्याला माझ्या हातात दिलं. मी ते चंद्रीला दिलं. तिनं घेतलं, छातीशी धरलं, पण चेहरा फुलला नाही. एका हातानं तिनं सूर्य बुडताना दाखवला आणि भुवया उंचावल्या. संध्याकाळपर्यंत ना?

मी मान हलवली. नाही.

तिनं बोटांनी एक झोप, एक उजाडणं दाखवलं. उद्यापर्यंत?

नाही, नाही! पण ‘कायमचं’ हे हातानं कसं सांगतात, ते मला येत नव्हतं. विहिरीमागे पोरांना कायमचं काही लागतच नसे, आणि मी तर खिडकीआडची विद्यार्थिनी. तिची आई आनंदात कुठे तरी पाया पडत हिंडत होती. मी तळवा गुडघ्याशी धरला, एवढं पोर. मग कमरेशी नेला, एवढं. मग खांद्याशी. मग चवड्यांवर उभी राहून डोक्याच्याही वर. तरी तिच्या लक्षात येईना म्हणून मी, पनवेलच्या शाळेची मुख्याध्यापिका, भर कोर्टात दोन्ही हातांनी मिशीला पीळ दिला, पोर दाखवलं, मिशी दाखवली, आणि सगळं उचलून तिच्या पदरात टाकलं.

चंद्री क्षणभर माझ्या त्या मिशीकडे बघत राहिली. आणि मग हसली. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं, पाच वर्षांत मला जो आवाज तिच्या घशातून काढता आला नव्हता तो सगळा एकदम बाहेर पडला, आणि मुलगाही दचकून तिच्या तोंडाकडे बघून हसायला लागला.

‘ए बाई, गप!’ कोर्टाचा पट्टेवाला खेकसला. ‘कोर्ट चालू आहे! तिला सांगा कुणीतरी, गप बसायला!’

दुभाषी मीच होते, शपथ घेतलेली. मी काही तिला ते सांगितलं नाही.